सगळं धरून किती? मुलांसोबतच्या समुद्रसहलीचा आढावा

वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक हाती आले की इंदूरच्या मराठी घरांतून, रामबाग-लोकमान्यनगरपासून सुदामानगर-वैशालीनगरपर्यंत, एक विषय निघतो: यंदा मुलांना समुद्र दाखवायचा. कुठला, यावर फारसा वाद होत नाही. गोवा नाहीतर कोकण, क्वचित दीव-दमण. वाद होतो तो मुक्कामावरून. न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे एकाच बिलात देणारे रिसॉर्ट घ्यावे, कोकणात कुणाच्या घरगुती मुक्कामी उतरावे, की सहल कंपनीच्या हाती सगळे सोपवून मोकळे व्हावे? तिन्ही बाजूंनी बोलणारे लोक अनुभवी आहेत आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. या बाजू आज कुठे उभ्या आहेत ते इथे मांडायचे आहे. मात्र या चर्चेत पैसा आणि जेवण यांना जेवढी जागा मिळते, तेवढी प्रत्यक्ष समुद्राला मिळत नाही असे मला वाटते. म्हणून त्या भागाला इथे जास्त जागा दिली आहे.

हा प्रश्न आला कुठून

मागच्या दोन पिढ्यांपुढे हा प्रश्न नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आजोळ, मग ते पुण्याचे असो, नागपूरचे की ग्वाल्हेरचे. समुद्र दिसायचा तो दादर-गिरगावात कुणा नातलगाकडे उतरल्यावर, चौपाटीवर भेळ खाताना. दुसरे निमित्त कुळाचाराचे. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या कितीतरी घराण्यांची कुलदैवते किनारपट्टीच्या प्रदेशात आहेत: गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, गोव्यातली मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा. लग्न-मुंज झाल्यावर दर्शनाला जायचे, भक्तनिवासात किंवा गुरुजींच्या घरी उतरायचे आणि संध्याकाळी मुलांना वाळूत सोडायचे, हीच समुद्रसहल. सरकारी नोकरांच्या प्रवास सवलतीनेही हीच सवय पोसली. एलटीसीत प्रवासाचे भाडे मिळते, राहण्याजेवण्याचे मिळत नाही. त्यामुळे तिकीट लांबचे आणि मुक्काम स्वस्तातला, असा हिशेब घराघरांत पक्का झाला.

बदल टप्प्याटप्प्याने आला. मुंबईत केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली आणि चहापासून झोपेपर्यंत सगळे आखून दिलेली सहल मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडली. २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड काढली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि गोवा-सिंधुदुर्ग मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर आले. इंदूरहून तिरुवनंतपुरम नॉर्थला (पूर्वीचे कोचुवेली) जाणारी साप्ताहिक गाडी वसई, पनवेल, रत्नागिरी, मडगाव अशी जाते, म्हणजे मुंबईत गाडी न बदलता थेट कोकणात उतरता येते. गाडी आठवड्यातून एकदाच असल्याने जाण्यायेण्याचा मेळ बसवणे मात्र अवघड. विमानाचा पर्यायही आला. गोव्याला दाबोळीच्या जोडीला २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला, सिंधुदुर्गात चिपीला २०२१ मध्येच झाला होता. मोप्याला उतरणाऱ्याला वेंगुर्ले-शिरोडा जवळ पडते, पण वार्का किंवा केळशी-मोबोरची दक्षिण गोव्यातली रिसॉर्ट्स लांब पडतात. लहान मूल कडेवर असताना तेवढा टॅक्सीचा प्रवास जाणवतो. स्वस्त तिकिटाच्या मोहात हे पाहायचे राहून जाते.

एका रकमेत सगळे, ही कल्पना बाहेरची आणि तशी जुनी. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ या बेल्जियन खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया इथे तंबू ठोकून क्लब मेडितेराने ऊर्फ क्लब मेडची पहिली वसाहत उभारली. आधी एक रक्कम भरायची, मग जेवण, खेळ, समुद्र सगळे त्यात. पुढे क्लब मेडमध्ये वरखर्चासाठी पाकिटाऐवजी गळ्यात मण्यांची माळ घालायची पद्धत पडली. गोव्यात ताजचे फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९८७ च्या सुमारास युरोपातली चार्टर विमाने उतरू लागली. त्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या मोठ्या आवारांतच आज आपली कुटुंबे उतरतात.

प्लॅनमध्ये काय येते

इंदूरच्या कुठल्याही एजंटकडून आलेल्या कोटेशनवर खोलीच्या नावापुढे दोन-तीन अक्षरे असतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि न्याहारी. एमएपी म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, बहुधा रात्रीचे. एपी म्हणजे न्याहारी आणि दोन्ही जेवणे. 'ऑल इन्क्लुझिव्ह' याच्याही पुढचे: दुपारचा चहा-नाश्ता, सरबते, आइस्क्रीम, मुलांच्या क्लबचे खेळ आणि पुष्कळदा दारू. या शेवटच्या प्रकाराची सर्वांना बंधनकारक अशी व्याख्या आपल्याकडे नाही. पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारांकन देते ते सोयी बघून. प्लॅनमध्ये काय असावे हे त्यातून ठरत नाही. म्हणून एकाच शब्दाखाली दोन रिसॉर्ट्स वेगवेगळ्या गोष्टी देतात आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

तीन रात्री-चार दिवसांचे कोटेशन जवळून पाहू. एपी प्लॅनमध्ये तीन न्याहाऱ्या, तीन दुपारची आणि तीन रात्रीची जेवणे, अशी नऊ खाणी येतात. पहिल्या दिवशी खोलीचा ताबा दुपारी दोनला आणि जेवण तीनपर्यंत. विमान तासभर उशिरा आले की एक जेवण गेले. दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यातली चर्च आणि मंगेशी-म्हार्दोळ करायचे ठरले की दुपारचे जेवण बाहेर. नवापैकी सात हाती लागली. तेच एमएपी घेतले असते तर सहा खाणी आली असती, सहाच्या सहा वापरली गेली असती आणि दुपारी जिथे असू तिथे जेवलो असतो. उलट, ज्या घरात दोन वर्षांचे मूल दुपारी एक ते चार झोपते, त्यांना आवार सोडायचेच नसते, त्यांची नऊही वसूल होतात. म्हणजे भाव ठरवण्याआधी दिवस कसे घालवायचे ते ठरवावे लागते. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात.

आणखी काही बाबी कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात. मुलांचे दर बहुधा तीन गटांत: साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मोफत, बारापर्यंत जादा गादीसह किंवा गादीशिवाय ठरावीक रक्कम, बारानंतर पूर्ण माणूस. नेमकी वये दर ठिकाणी वेगळी असतात, म्हणून पाच आणि अकरा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी ती लेखी मागावीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के आहे, त्यामुळे सांगितलेला भाव करासकट की कराशिवाय हा फरक लहान नाही. सेवा शुल्क सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक ठिकाणी 'गाला डिनर'ची रक्कम सक्तीची असते, ती प्लॅनमध्ये धरलेली नसते. आणि तान्ह्या मुलाच्या आईने विचारायचा प्रश्न: रात्री नऊनंतर खोलीत मागवलेले गरम दूध प्लॅनमध्ये की वेगळे?

रिसॉर्टच्या बाजूने

रिसॉर्टची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत सबळ मुद्दा आईच्या सुट्टीचा आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. बाहेरगावी गेल्यावरही मुलाने काय खाल्ले, आता काय खाईल, कुठे मिळेल, हा विचार एकीच्याच डोक्यात चालतो. बुफेत दहीभात, डाळ, फळे, उकडलेला बटाटा सकाळ-संध्याकाळ समोर असतात. मुलाने एक घास खाऊन ताटली सरकवली तरी दुसरे घेता येते, बिलाची धास्ती नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर तळमजल्याची खोली, लिफ्ट, कमोड आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर, या गोष्टी चैनीच्या उरत नाहीत. मे महिन्यात गोव्याची दमट दुपार माळव्याच्या कोरड्या उन्हाला सरावलेल्या मुलांना घामाने हैराण करते, तेव्हा वातानुकूलित खोली आणि सावलीतला तरणतलाव यांवर सहल तरते. शाकाहारी आणि जैन जेवणाची सोयही मोठ्या रिसॉर्ट्समध्ये आता सर्रास असते, कारण गुजरात-राजस्थान-माळव्याचा प्रवासी त्यांना हवा आहे.

तरणतलावाचे वेगळे सांगायला हवे. लहान मुलांचा खरा समुद्र तोच असतो. लाटेला घाबरणारे मूल तीन फूट पाण्यात तासन्‌तास राहते. म्हणून रिसॉर्टचे फोटो पाहताना बुफेपेक्षा तलाव पाहावा: मुलांचा उथळ भाग वेगळा आहे का, तिथे सावली आहे का, काठावर जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो. पोहण्याच्या कपड्यांची सक्ती बहुतेक ठिकाणी आहे. सुती टी-शर्ट घालून उतरलेल्या मुलाला बाहेर काढतात आणि मग आवारातल्या दुकानातून महागाचा पोशाख घ्यावा लागतो. तो इंदुरातच घेऊन निघालेले बरे.

विरोधी बाजू म्हणते की चार दिवस अशा आवारात राहिलेले मूल गोव्यात होते की आणखी कुठे, हे त्याला सांगता येणार नाही. नूडल्स आणि पास्ता छप्पन दुकानवरही मिळतात. तिसऱ्या दिवशी बुफेतले पदार्थ परत परत येऊ लागतात आणि सराफ्यात वाढलेल्या जिभेला ते लगेच कळते. दारू न पिणारे कुटुंब दारू धरलेल्या प्लॅनमध्ये दुसऱ्यांच्या पेल्याचेही पैसे भरते. हा आक्षेप फक्त आपला नाही. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०२० मध्ये काही ठिकाणच्या सर्वसमावेशक हॉटेलांत दिवसाला सहाच पेये, तीही जेवणाच्या वेळी, असा नियम केला, कारण फुकटच्या दारूने त्या गावांची झोप उडाली होती. मुलांसोबत जाणाऱ्यांनी दारूशिवायचा प्लॅन वेगळ्या भावात मिळतो का, हे विचारायला संकोचू नये.

घरगुती मुक्कामाच्या बाजूने

दुसऱ्या बाजूचे लोक दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे-आंजर्ल्याचे, गुहागर-हेदवीचे, मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागचे नाव घेतात. एमटीडीसीच्या 'निवास व न्याहारी' योजनेखाली आणि तिच्याबाहेरही शेकडो घरांनी दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. इथेही जेवण धरूनच भाव सांगतात, म्हणजे हाही एका अर्थी सगळे धरलेला मुक्काम. फरक असा की किती माणसे जेवणार ते सकाळीच सांगावे लागते. नारळ मग खोवला जातो, वाटण मग होते. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी आमटी-भात, फणसाची भाजी, सोलकढी, आधी सांगितले तर उकडीचे मोदक. मासे खाणाऱ्यांना मेअखेरपर्यंत ताजी मासळी मिळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. लहान मुलासाठी मऊ भात-तूप मागितले तर घरची बाई दुसऱ्या दिवशी न सांगता बाजूला काढून ठेवते. ही आपुलकी बुफेत मिळत नाही, हे या बाजूचे म्हणणे खरे आहे.

मुलांना इथे जे दिसते ते आवारात दिसत नाही. ओहोटीला खडकांच्या खळग्यांत अडकलेले खेकडे, पहाटे रापणीचे जाळे ओढणारी माणसे, रहाटाची विहीर, झाडावरचा हापूस. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि गावाने त्यातून कासव महोत्सव उभा केला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहणे हा मुलांसाठी कुठल्याही खेळापेक्षा मोठा अनुभव. अडचण अशी की पिल्ले फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास निघतात, म्हणजे नेमकी परीक्षांच्या दिवसांत.

उणिवा या बाजूचे समर्थकही मान्य करतात. वीज जाते, डास असतात, काही घरांत न्हाणीघर खोलीबाहेर असते, घाटातल्या वळणांवर मुलांना उलट्या होतात. रात्री ताप चढला तर बालरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावी. आणि बहुतेक ठिकाणी पोहण्याजोगे पाणी म्हणजे थेट समुद्रच.

सहल कंपनी आणि सदस्यत्व

तिसऱ्या पर्यायावर मतभेद कमी आहेत. सहल कंपनीबरोबर जाणे आजी-आजोबांना मानवते, कारण मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक आणि मराठी चवीचे जेवण सोबत असते. लहान मुलांना सकाळी सातची बस मानवत नाही. समुद्रावर एक तास, मग पुढचे स्थळ, हा वेग वाळूत खेळणाऱ्या मुलाच्या विरुद्ध जातो. क्लब महिंद्रासारख्या सदस्यत्वाच्या योजना (ही कंपनी १९९६ ची, गोव्यात वार्क्याला तिचे किनाऱ्यावरचे रिसॉर्ट आहे) मोठ्या खोल्यांमुळे कुटुंबांना सोयीच्या वाटतात. पण सदस्यत्वात खोली येते, जेवण येत नाही, आणि वार्षिक शुल्क सुट्टी घेतली नाही तरी भरावे लागते. मुले लहान असताना घेतलेले पंचवीस वर्षांचे सदस्यत्व त्यांच्या दहावी-बारावीच्या वर्षांत पडून राहते, हे आधीच धरावे.

समुद्राचा प्रश्न

आता मघाशी म्हटलेल्या भागाकडे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याजवळच्या मुरूडला सहलीला गेलेले पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे ८ जण गेले. २४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबासाठी गेलेली बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. गणपतीपुळ्याचा समुद्र देवळाच्या पायरीवरून शांत दिसतो, पण तिथे किनारा झपकन खोल होतो आणि परतीच्या पाण्याला ओढ असते. दरवर्षी तिथून वाईट बातमी येते. यातले बहुतेक जण समुद्रापासून दूरच्या गावांतून आलेले असतात. आपण इंदूरकर नेमके तेच आहोत. तलावात पोहायला शिकलेल्या आपल्या मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही लाटेखालची ओढ माहीत नसते.

कुठल्याही प्लॅनमध्ये समुद्राची हमी नसते. रिसॉर्टचा जीवरक्षक तरणतलावाचा असतो, कुंपणापलीकडचा किनारा त्याच्या कामात येत नाही. या बाबतीत गोवा आणि कोकण यांत मोठा फरक आहे आणि मुक्काम निवडताना तो पहिल्या क्रमांकाचा मानावा असे माझे मत आहे. गोव्यात २००८ पासून सरकारने दृष्टी या संस्थेमार्फत प्रमुख किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले आहेत. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतात. लाल-पिवळ्या दोन निशाणांच्या मधल्या पट्ट्यात उतरायचे, लाल निशाण असेल तर उतरायचे नाही, इतकी सोपी ही पद्धत आहे. महाराष्ट्रात गर्दीच्या काही किनाऱ्यांवर ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीने नेमलेले जीवरक्षक असतात, पण सलग आणि सारखी अशी व्यवस्था सगळ्या किनाऱ्यावर उभी राहिलेली नाही. कोकणात निर्जन, स्वच्छ किनारा मिळतो म्हणून जे सांगितले जाते, त्याची दुसरी बाजू ही आहे की तिथे आपल्याशिवाय लक्ष ठेवणारे कुणी नसते.

ज्यांना कोकणच हवे आहे त्यांच्यासाठी एक जुना हिशेब उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाला. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचांग घरोघरी असते, त्यामुळे इंदुरात बसूनही मुक्कामाच्या दिवसांतल्या वेळा काढता येतात. हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ आणि कुठल्या बाजूला उतरू नये, हे यजमानांना किंवा कोळ्यांना विचारावे आणि ते म्हणतील ते निमूट ऐकावे. त्यांच्या तोंडून 'आज नको' आले की वाळूतच किल्ला बांधावा. मूल कमरेपर्यंत पाण्यात असेल तर एका मोठ्या माणसाने त्याच्यापेक्षा खोल बाजूला उभे राहावे आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा.

किनारा कुणाचा

सर्वसमावेशक रिसॉर्टविषयीचा आणखी एक वाद प्रवाशाच्या सोयीपलीकडचा आहे. पाहुणा आवाराबाहेर पडलाच नाही तर गावातल्या खानावळीला, रिक्षावाल्याला, शहाळेवालीला काय मिळते? पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाने या कारणावरून १९९९ मध्ये अशा पॅकेजवर बंदीच घातली होती. परदेशी सहल कंपन्या पाठ फिरवू लागल्या आणि वर्षभरात ती उठवावी लागली. गोव्यात १९८० च्या दशकाच्या शेवटी 'जागृत गोंयकारांची फौज' चार्टर पर्यटन आणि पंचतारांकित हॉटेलांविरुद्ध रस्त्यावर उतरली, ती पाणी, जमीन आणि किनाऱ्यावरच्या वाटांच्या प्रश्नावरून. दुसरी बाजू सांगते की मोठे हॉटेल शेकडो पगारी नोकऱ्या देते, त्या पावसाळ्यातही चालू राहतात, आणि घरगुती मुक्काम वर्षातले मोजके महिनेच कमाई देतात. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात.

कायद्याची बाजू मात्र बरीच स्पष्ट आहे. जाहिरातीत 'प्रायव्हेट बीच' लिहिलेले असले तरी आपल्याकडे वाळू आणि भरतीरेषेखालचा किनारा सार्वजनिक आहे. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी वाट एका हॉटेलने अडवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये लोकांचा जाण्यायेण्याचा हक्क कायम ठेवला. १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियंत्रणाखाली आणला आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला मज्जाव केला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत हे अंतर ५० मीटरवर आणले. खोलीतून थेट लाट दिसावी अशी इच्छा धरताना या अंतरामागचा इतिहास आपल्याला ठाऊक असावा. शिवाय किनारा खासगी नाही, याचा दुसरा अर्थ असा की घरगुती मुक्कामात उतरलेल्या कुटुंबाचा त्या वाळूवर तेवढाच हक्क आहे.

अजून न सुटलेले

काही गाठी तशाच आहेत. पहिली वयाची. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी एका जागी, जेवण धरून, उथळ तलाव असलेला मुक्काम सोयीचा, यावर आता बरेचसे एकमत दिसते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोकणातले गाव जास्त देते, हेही अनेक जण मान्य करतात. मधल्या वयाचे काय, आणि एकाच घरात चार आणि अकरा वर्षांची दोन भावंडे असतील तर काय, याला कुणाकडे पक्के उत्तर नाही. काही कुटुंबे दोन रात्री रिसॉर्टमध्ये आणि दोन रात्री घरगुती मुक्कामी काढतात. मोपा सुरू झाल्यापासून उत्तर गोवा आणि वेंगुर्ले-शिरोडा असा जोड घालणे सोपे झाले आहे. सामान दोनदा बांधावे लागते, हा त्याचा तोटा.

दुसरी गाठ सिंधुदुर्गाची. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोडा-वेळागरला ताजचे मोठे रिसॉर्ट येण्याची चर्चा नव्वदच्या दशकापासून आहे आणि जमिनीच्या प्रश्नावरून ते वर्षानुवर्षे रखडले. अशी रिसॉर्ट्स आली तर शेजारच्या घरगुती मुक्कामांचे काय होईल, त्यांना उरलेला प्रवासी मिळेल की त्यांच्याकडेच जास्त लोक वळतील, याविषयी गावांतही दोन मते आहेत.

तिसरी गाठ आपल्या शाळांनी घातलेली आहे. समुद्र मुलांसाठी सर्वांत चांगला असतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत: पाणी निवळलेले, लाटा लहान, हवा सुसह्य. त्या काळात दिवाळीची सुट्टी कुळाचारात आणि नातलगांत जाते, नाताळात भाव चढलेले असतात आणि बाकी दिवस शाळेचे. मध्य प्रदेशातल्या शाळांची मोठी सुट्टी मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येते, आणि गोव्यात पाऊस साधारण ५ जूनच्या आसपास पोचतो. कोकणातल्या किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात, ते ऑगस्ट संपेपर्यंत. जूनमधले रिसॉर्टचे स्वस्त दर याच कारणाने स्वस्त असतात: तलाव मिळतो, समुद्र मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच उघडते, पूर्वीसारखे १२० दिवस आधी नाही, त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यातल्या गाडीचा निर्णय मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन परीक्षेत घ्यावा लागतो. ज्यांना मे महिनाच जमण्यासारखा आहे, त्यांनी परतीचे तिकीट २० तारखेच्या आतले काढावे.